ट्रिनिटी की एबीआरएसएम? पियानोची शिकवणी लावण्याआधी

पियानोची शिकवणी लावायला आलेले पालक पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, ट्रिनिटी करायची की एबीआरएसएम?" दोन्ही पाश्चात्य संगीताच्या परीक्षा, लंडनच्या; दोन्हींच्या आठ ग्रेड (पायऱ्या), आणि आपल्याकडे दोन्ही देतात. दर्जात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. फरक आहे तो थिअरीत, म्हणजे स्वरलिपी आणि तिचे नियम समजून वाचण्यात, आणि निवडही मी त्यावरूनच करायला सांगते.

एबीआरएसएमची नेहमीची प्रॅक्टिकल १५० गुणांची. तीन पीसेसना (तयार करून आणलेल्या रचनांना) प्रत्येकी ३०, स्केल्सना (सप्तकांना) २१, साइट रीडिंगला (न पाहिलेलं पान समोर ठेवून लगेच वाजवण्याला) २१ आणि ऑरलला (कानाच्या परीक्षेला) १८. यातलं काहीच टाळता येत नाही. पास व्हायला १०० लागतात. शिवाय सहावी ग्रेड द्यायची तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी (किंवा तिला चालणारी दुसरी परीक्षा) पास हवी.

ट्रिनिटीची १०० गुणांची, पास ६०ला. त्यातले ६६ गुण एकट्या पीसेसचे. पाचव्या ग्रेडपर्यंत साइट रीडिंग, ऑरल, इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी स्वतः रचून वाजवणं) आणि संगीताची तोंडी माहिती यांतले कोणतेही दोन निवडायचे. थिअरीची अट कुठल्याच ग्रेडला नाही.

ही सवलत मुलांच्या बाबतीत मला धोक्याची वाटते. साइट रीडिंग टाळत, तीन-तीन पीसेस घोटून पाचवीपर्यंत आलेली मुलं मी पाहिली आहेत. हात सुरेख चालतो, पण नवं पान समोर ठेवलं की बोट एकेक रेघ मोजत वर सरकतं. सहावीपासून साइट रीडिंग ट्रिनिटीतही सक्तीचं होतं, आणि तिथे हे मूल अडतं. म्हणून सात-आठ वर्षांच्या, नियमित बसणाऱ्या मुलाला मी एबीआरएसएम सुचवते. अट पाचवीनंतरची असली तरी थिअरी पहिल्या ग्रेडपासून, पियानोवर बसूनच शिकवायची. ट्रिनिटीच घ्यायची असेल तर साइट रीडिंग आपण होऊन निवडा.

मोठ्यांचं गणित वेगळं. माझ्याकडे येणाऱ्यांत पेटी वाजवलेले बरेच असतात. उजवा हात तयार, डावा मात्र आयुष्यभर भाता ओढलेला. त्याची बोटं सुटी व्हायला महिने जातात. थिअरीत मात्र हेच लोक पुढे असतात, फक्त ती त्यांच्या भाषेत सांगावी लागते. एका काकांना की सिग्नेचर (कोणत्या काळ्या पट्ट्या घ्यायच्या ते सांगणारी पानाच्या सुरुवातीची खूण) काही केल्या समजेना. मी म्हटलं, "पांढरी दोन सा धरा आणि शुद्ध स्वर वाजवा." त्यांनी वाजवले. गंधार काळी तीनवर गेला, निषाद काळी एकवर. मग डी मेजरचं, म्हणजे याच सप्तकाचं, पान उघडून सुरुवातीचे दोन शार्प दाखवले: त्याच दोन काळ्या पट्ट्यांच्या खुणा. काका पानाकडे बघतच राहिले. मग स्वतःच पांढरी तीन सा धरून पुढचे शोधायला लागले.

अशा मंडळींना ट्रिनिटी सोयीची. इम्प्रोव्हायझेशन निवडता येतं आणि त्यांच्या कानाला तिथे वाव मिळतो. परीक्षकासमोर हात थरथरतात त्यांच्यासाठी एबीआरएसएमची परफॉर्मन्स ग्रेड आहे: चार पीसेस सलग वाजवून व्हिडिओ पाठवायचा. पण तिलाही सहावीपासून थिअरीची तीच अट. आणि परीक्षा नकोच असेल तर नको. पन्नाशीत स्वतःच्या आनंदासाठी शिकणाऱ्याला प्रमाणपत्र कशाला? थिअरी मात्र त्यांनीही सोडू नये.

वाद्याबद्दल थोडक्यात. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड सुरुवातीचे काही महिने चालेल. पुढे ८८ पट्ट्यांचा, दाबायला जड (वेटेड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो हवाच. हलक्या पट्टीवर वाढलेलं बोट खऱ्या पियानोवर आवाजच काढत नाही.

शिकवणी ठरवण्याआधी एक तास बसून बघा. शिक्षक पीस वाजवून घेताना मध्येच थांबून "हा कॉर्ड कुठला?" (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) असं विचारतात का, तेवढं ऐका. विचारत असतील तर परीक्षा कोणती द्यायची ते त्यांच्यावर सोडलं तरी चालेल.