१/३२ मस्टँग सात महिन्यांनंतर: मापं बरोबर, पण काऊलिंग काही बसेना

सात महिने झाले, परवा एकदाचं शेवटचं डिकॅल (खुणांचं स्टिकर) चिकटवलं, आता लिहून टाकतो. प्लास्टिक मॉडेलचं किट, पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं, स्केल १/३२ (खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्शाचं), आत पूर्ण मर्लिन इंजिन, काऊलिंगचे म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे पत्रे निघणारे, बंदुकांचे कप्पे उघडे ठेवता येतील असे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मग सगळी चर्चा कंपनीभोवतीच फिरते आणि यातल्या निम्म्या तक्रारी कुठल्याही मोठ्या स्केलच्या किटला लागू पडतील.

डबा उघडल्या उघडल्या मी व्हर्नियर घेऊन बसलो, ही जुनी खोड आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२८ मीटर आणि लांबी ९.८३ मीटर, ३२ ने भागलं की साधारण ३५२ आणि ३०७ मिमी येतात. किट दोन्हीकडे मिलिमीटरभराच्या आत निघालं, म्हटलं वा, मस्त, आता काय फक्त चिकटवायचं! तिथेच गाडी फसली.

कारण असं बघा, खऱ्या विमानाचा पत्रा असतो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा आणि या किटच्या प्लास्टिकची जाडी मी मोजली ती १.२ मिमी. ३२ ने गुणलं की ३८ मिमी, म्हणजे दीड इंच जाड पत्रा झाला. दोन्ही बाजूंचा मिळून तीन इंच. मस्टँगच्या नाकात मर्लिन मुळातच कोंबून बसवलेलं असतं, तिथे एवढी जागा आणणार कुठून? मग एकतर इंजिन थोडं बारीक करा नाहीतर काऊलिंग फुगवा, तिसरा रस्ता नाही. या किटवाल्यांनी दोन्हीचं माप खरं ठेवायचा हट्ट केला आणि तो हट्ट निस्तरला मी.

इंजिनवर पाच आठवडे घालवले होते, इग्निशनच्या वायरी बारीक तांब्याच्या तारेच्या केल्या, एक्झॉस्टला गंजाचा रंग दिला, आणि ज्या रात्री काऊलिंग लावून बघितलं तेव्हा वरच्या पत्र्याला पुढच्या बाजूला चांगली मिलिमीटरभर फट. दाबलं की मागून उचलायचं, मागून दाबलं की पुढून. पहिला संशय अर्थातच किटवर, चार शिव्या हासडून झोपलो. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन फायरवॉल (इंजिनामागची आडवी भिंत) बघितली तर ती ज्या खाचेत बसते तिथे स्प्रूपासून, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून, तोडताना राहिलेला तिळाएवढा कोंभ, जास्तीत जास्त ०.३ मिमी. फायरवॉल २० मिमी उंच, तिच्या खालच्या कडेला ०.३ मिमीचा उचल मिळाला आणि तिच्यापुढे ७० मिमी लांबीचं इंजिन लटकलंय, म्हणजे पुढच्या टोकाला बरोब्बर मिलिमीटरभर वर! राईचा पर्वत म्हणतात तो असा होतो. तोवर सगळं चिकटून वाळलेलं होतं, पातळ करवतीने इंजिनाचं माउंट कापून परत बसवावं लागलं आणि दोन वायरी तुटल्या त्या तुटल्याच.

तरीही अर्धा मिमी उरलीच होती, ती खरोखर किटची. काऊलिंगचे पत्रे आतून खरवडून कागदासारखे पातळ केले, एका ठिकाणी आरपार भोक पडलं, ते पुट्टीने बुजवलं.

छोट्या स्केलमध्ये हे असलं होत नाही, कारण तिथे आत काही नसतंच, धडाचे दोन भाग चिकटवले की संपलं. इथे एका भागावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि प्रत्येकाची चूक पुढच्याला वारसाहक्काने मिळते. रंगाचा थरसुद्धा मोजायला लागतो. कॉकपिटच्या बाजूच्या भिंती, फ्लोअर, इन्स्ट्रुमेंट पॅनल सगळं रंगवून बसवलं तर धडाचे दोन भाग मिटेनात, चिकटणाऱ्या कडांवरचा रंग ब्लेडने खरवडला आणि मग गुपचूप मिटलं. ड्राय फिट करताना, म्हणजे गोंदाशिवाय जुळवून बघताना, जे बसतं ते रंगाआधीचं असतं हे माहीत असून मी दर किटला विसरतो.

पंखाच्या मुळाशी उजवीकडे केसही जाणार नाही असा सांधा आणि डावीकडे ०.८ मिमीची फट. इथे पुट्टी भरायचा मोह होतो, पण हे विमान चंदेरी करायचं होतं आणि उघड्या धातूच्या रंगाखाली बारीकसा ओरखडासुद्धा बोंबलतो, शिवाय पुट्टी वाळताना आकसते ती वेगळीच. म्हणून स्प्रूचा तुकडा कापून धडाच्या आत आडवा अडकवला, त्याने धड किंचित रुंद झालं. मग एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत वरून टेप ताणून रात्रभर ठेवलं, पंखांचा वरचा उतार पाच अंशांचा आहे ना ते पुठ्ठ्याच्या साच्याने तपासत. उरलेल्या फटीत ०.२५ मिमीची प्लास्टिक शीटची पट्टी सरकवून पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव गोंद) सोडलं. सुपरग्लू कुठे वापरलात तर अर्ध्या-एक तासात घासून घ्या, रात्रभर राहिलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचं प्लास्टिक घासलं जातं, ते तसंच राहतं.

आता अचूकतेचं. किटच्या पंखावर रिव्हेट्स इतके सुंदर कोरलेत की फोटो काढत बसावं, फक्त ते तिथे दिसायला नकोत! मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लोचा, त्यावरून हवा गुळगुळीत जावी म्हणून कारखान्यातच पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टीने बुजवून, घासून वर चंदेरी रंग मारायचे. धड उघडं धातूचं, पंख रंगवलेले, दोन्हीची चमक वेगळी. त्यातून पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची कोरलेली रेघ, ०.३ मिमीची म्हणजे खऱ्या विमानात एक सेंटिमीटरची फट, करंगळी जाईल. तर मी तीन आठवडे सुंदर काम बुजवत बसलो होतो, एवढंच समाधान की कारखान्यातली माणसंही हेच करायची.

चाकांच्या खोबणीतही तीच जुनी चूक. खऱ्या विमानात ती मागे थेट मुख्य स्पारपर्यंत (पंखातल्या आडव्या तुळईपर्यंत) जाते, इथे बाहेरच्या तोंडाच्या आकाराचीच वळणदार भिंत दिलीय. कापून प्लास्टिक शीटची सरळ भिंत केली, दोन संध्याकाळी गेल्या, आणि आता ती बघायची तर विमान उलटं करावं लागतं, जे मी कुणाला करू देत नाही. चाकांची आतली दारं मात्र उघडीच ठेवा, इंजिन बंद केल्यावर हायड्रॉलिक प्रेशर उतरलं की ती लोंबतात, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या झडपाही खाली येतात. बॉक्सवरच्या चित्रात सगळं घट्ट बंद आहे.

कॅनॉपीबद्दल (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाबद्दल) तक्रार नाही, फक्त सुपरग्लू लांब ठेवा, काच धुरकट होते. मी साधा पांढरा गोंद वापरला.

परत घेईन का? घेईन, खरं म्हणजे दुसरा डबा आणूनही ठेवलाय. पण यावेळी काऊलिंग इंजिनाशिवाय बंद करून चिकटवणार, आणि मर्लिन वेगळं स्टँडवर बाजूला ठेवणार, तुटलेल्या दोन वायरींसकट पहिल्याचंच काढून ठेवावं असंही एकदा मनात आलं होतं, पण आता त्या काऊलिंगला हात लावायची हिंमत होत नाही.