चुंबक-कॉइल यंत्रणा: उंदरांचं खाजवणं मोजायला कितपत भरवशाची?

उंदराच्या मागच्या दोन्ही पायांत कातडीखाली सुमारे 1 मिमी जाड, 3 मिमी लांब चुंबक बसवायचं आणि भोवती तारेची कॉइल असलेल्या गोल भांड्यात त्याला सोडायचं. पाय हलला की कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होतं. खाजवताना पाय सेकंदाला साधारण 10 ते 20 वेळा हलतो, चालताना बराच सावकाश; सगळी मदार या फरकावर.

अंधारात रात्रभर मोजणी चालते, हा मोठा फायदा. उंदीर निशाचर ना! सेकंदाला 30 फ्रेमचा कॅमेरा इथे तोकडा पडतो. 15 हर्ट्झच्या (सेकंदाला 15 वेळा) वरची हालचाल त्याला नीट पकडता येत नाही.

खरी डोकेदुखी सेटिंगची. थ्रेशोल्ड (किती व्होल्टेजपासून हालचाल मोजायची ती मर्यादा) खाली ठेवला तर उड्याही मोजल्या जातात, वर नेला तर खाजवण्याचे छोटे झटके निसटतात. एका झटक्याच्या आत किती वेळ थांबलेलं चालेल, ही मुभा कमी ठेवली की एकच झटका तीन होऊन बसतो. म्हणून काही रेकॉर्डिंगसोबत व्हिडिओ घ्यावा आणि कोणत्या उंदराला (खाज आणणारं औषध की नुसतं सलाइन) काय टोचलंय हे माहीत नसलेल्या माणसाकडून तो मोजून आकडे जुळवावेत. तुलनेसाठी सलाइनचा गट हवाच. चुंबक बसवल्याची जखम भरण्याआधी मोजणी सुरू केली तर आकडे चुकू शकतात.

मान खाजवली की कान, हे यंत्राला कळत नाही. गालात टोचून खाज की वेदना हे ओळखायच्या चाचणीत तर ते अपुरंच: तिथे वेदनेची खूण म्हणजे पुढच्या पायाने गाल पुसणं, आणि पुढच्या पायात चुंबकच नसतं. मानेत क्लोरोक्विन (उंदरांना खाज आणणारं औषध) टोचून औषधांची तुलना करायची असेल, तर मात्र खुशाल घ्यावं.