तलंगांसाठी लोखंडी स्टँड: सांगाडा झकास, दांड्या बदलून घ्या

परसातल्या कोंबड्यांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना) रात्री बसायला कोल्हापुरात वेल्डिंगवाले जो तीन पायऱ्यांचा, चार फूट लांबीचा लोखंडी स्टँड करून देतात, त्याचा सांगाडा खरंच दणकट असतो. डुगडुगत नाही. हलणाऱ्या दांडीवर पिल्लू चढायला बिचकतं, म्हणून ही मोठी जमेची बाजू.

खोट आहे ती दांड्यांत. एक इंची गुळगुळीत पाइपवर तलंगेची बोटं सरकतात. शिवाय वाढीच्या वयात छातीचं हाड कोवळं असतं. बारीक पाइपवर सगळा भार एका जागी येतो आणि हाड वाकडं होतं. पाइपऐवजी दोन इंची चौकोनी लाकूड बसवा, वरच्या कडांवर रंधा मारून गोलाई द्या. निलगिरीचा वासाही चालतो, पण साल सोलूनच. सालीखाली आणि सांध्यांत रक्त पिणारे लाल किडे दिवसभर दडतात, रात्री पक्ष्यांवर चढतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगाला पांढरा कागद घासून बघा. लाल डाग उठले, तर किडे आहेतच.

उंचीही चुकलेली असते. पहिली पायरी एक फुटावर आणि वरची तीन फुटांवर हे चार आठवड्यांच्या पिल्लाला झेपत नाही. पाय कापून 6, 12 आणि 18 इंच करून घ्या. तीन फुटांवरून कोब्यावर उडी पडली की तळपायाला इजा होते, त्यात पू धरतो. खाली भाताच्या तुसाचा तीन-चार इंची थर हवाच. पावसाळ्यात दांड्यांखालची विष्ठा दर दोन दिवसांनी खरवडा, नाहीतर ओल्या तुसाचा वास डोळ्यांना झोंबतो.

वेल्डिंगवाले ‘पन्नास पक्षी बसतात’ म्हणतात, त्यावर जाऊ नका. तीन दांड्या मिळून लांबी 144 इंच. पक्ष्याला चार इंच धरले तर 36 पिल्लं. मोठ्या कोंबडीला आठ इंच लागतात, म्हणजे फक्त 18. दोन दांड्यांत आडवं अंतर एक फूट, भिंतीपासून नऊ-दहा इंच ठेवा, म्हणजे शेपटी घासत नाही. वरच्या दांडीसाठी टोचाटोची सुरू झाली की तिन्ही दांड्या 18 इंचांवर एका पातळीत आणा.

पिल्लं आपणहून चढत नसतील तर तीन-चार दिवस तिन्हीसांजेला उचलून खालच्या दांडीवर ठेवा. कोपऱ्यात एकमेकांवर चढून झोपली तर तळातली गुदमरतात. आणि बल्ब लगेच बंद करू नका; अंधारात खाली उतरलेल्या पिल्लाला परत दांडी सापडत नाही.