भात मी सोडला, श्रेय त्यांच्या डब्याने घेतलं

वजन उतरवायच्या पावडरीपायी माझे ३६ हजार ७०० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण इतके दिवस तो मी घरातसुद्धा नीट सांगितला नव्हता. मी चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरीला आहे. दिवसभर लोकांना पावत्या करून देते, आणि या ३७ हजारांची एकही पावती माझ्याकडे नाही.

सुरुवात हळदीकुंकवाला झाली. रथसप्तमीच्या आधीचे दिवस. आमच्याच आळीतल्या एका घरी गेले होते, तिथे ओटीवर एक बाई वजनाचं मशीन घेऊन बसल्या होत्या. ‘मोफत तपासणी’ असा कागद लावलेला. मशीनवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी एक दांडा धरायचा, की वजन, चरबी आणि ‘शरीराचं वय’ असे आकडे येतात. माझं वजन ७४.६ आलं. वय ४४, पण मशीनने सांगितलं ५९. त्या बाई (पुढे आम्ही सगळ्या त्यांना मॅडम म्हणायला लागलो) माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ताई, घरच्यांसाठी सगळं करता, स्वतःसाठी कधी काय केलंत?” त्या वाक्याला मी बळी पडले. मुलाची दहावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, यात माझी तीन वर्षं कशी गेली ते माझं मलाच कळलं नव्हतं. मला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्यांच्या क्लबात गेले. ५०० रुपये नोंदणी, मग दर महिन्याला ६,४०० रुपयांचं पॅकेज. त्यात पावडरचे दोन डबे, चहाऐवजी प्यायची एक पूड आणि फायबरच्या गोळ्या. पैसे मॅडमच्या स्वतःच्या नंबरवर पाठवायचे. बिल मागितलं तर म्हणाल्या, “कंपनीचं बिल एकदम येतं.” भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: तीन महिन्यांत दहा किलो, नाहीतर पैसे परत.

त्याबरोबर एक यादी मिळाली. भात बंद. साखर, बटाटा, केळं, आंबा, नारळ, दुधाचा चहा, तळलेलं सगळं बंद. सकाळ-संध्याकाळ पावडर आणि दुपारी एक वाटी भाजी, काकडी, एक अंडं. कोकणातल्या माणसाला भात आणि नारळ सोडायला सांगणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज असते. आजारी माणसाला मऊ भात, पाहुण्याला वाफाळता भात आणि आमटी, घाईत असलं तर कुळथाची पिठी आणि भात. खोबरं नाही अशी भाजी आमच्या घरात होत नाही. मी वेगळं शिजवायला लागले. सगळ्यांचं ताट वाढून झालं की माझा काकडीचा डबा घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायची, कारण समोर भाताची वाफ दिसली की डोळ्यांत पाणी यायचं. एप्रिल-मे महिन्यात घरच्या कलमांचे आंबे उतरले. माडीवर पेंढ्यात आढी घातली होती, सगळं घर वासाने भरलं होतं. एकही आंबा मी खाल्ला नाही. फोडी करून मुलाला दिल्या, कोयीसुद्धा चोखली नाही आणि साबणाने हात धुतले.

पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो उतरलं. ७४.६ चं ७०.४. क्लबात टाळ्या वाजल्या, गळ्यात फीत घातली, फोटो काढला. मला खरोखर आनंद झाला होता आणि मी तो सगळ्यांना सांगत सुटले. त्यातच माझ्या धाकट्या जाऊबाईला मी सांगितलं. ती नको म्हणत होती, मी आग्रह केला. तिची नोंदणी माझ्या नावाखाली झाली आणि पुढच्या महिन्यात मला ६०० रुपये कमी भरावे लागले. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

मार्चअखेर ६९.३. एप्रिलअखेर ६९.१. मेमध्ये उलट ६९.४. मॅडमचा सूर बदलला. “तुम्ही काहीतरी लपून खाताय.” ग्रुपवर प्रत्येक जेवणाचा फोटो टाकायचा नियम आला. फोटोत काकडीबरोबर शेंगदाण्याचा एक दाणा दिसला म्हणून पन्नास बायकांसमोर मला विचारणा झाली. अडकलेलं वजन सुटावं म्हणून पाकिटाला २,४०० रुपये अशा कॅप्सूल दिल्या, एप्रिलमध्ये एक पाकीट, मेमध्ये एक. पांढरी पिशवी, वर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा स्टिकर. कुणी बनवलं, कुठे बनवलं, आत काय आहे, यातलं काही नाही. त्या घेतल्यावर तोंडाला कोरड पडायची, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, छातीत धडधड. विचारलं तर उत्तर: “चरबी वितळतेय, त्याचीच लक्षणं आहेत.” मेअखेर मी त्या आपणहून बंद केल्या.

जूनमधली एक रात्र. पाऊस धो धो, वीज गेलेली. सासूबाईंनी चुलीवर पिठी केली होती. लसणीची फोडणी, कोकमाचं एक आमसूल, वर कोथिंबीर. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगो, ताप येऊन गेल्यासारखी दिसत्येस. घोटभर खा.” त्यांनी स्वतःच्या हाताने वाडग्यात मऊ भात घातला, वर पिठी ओतली, आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. मी खाल्ली. साडेचार महिन्यांनी भात पोटात गेला. त्या रात्री झोप लागली.

सकाळी अपराधी वाटलं आणि मी ग्रुपवर स्वतःहून लिहिलं: ‘काल रात्री पिठीभात खाल्ला. चुकले. पुन्हा नाही होणार.’ मॅडमनी पाच दिवस नुसती पावडर घ्यायची शिक्षा सांगितली. ती मी पाळली.

जुलैच्या सुरुवातीला केस इतके गळायला लागले की न्हाणीघराची जाळी तुंबली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. मला थायरॉइडची गोळी सुरू आहे, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं. डिसेंबरमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) ३.२ होता, आता १६. त्यांनी विचारलं, गोळी चुकते का? नाही, रोज पहाटे साडेपाचला घेते. मग सकाळी आणखी काय घेता? मी डबा घेऊनच गेले होते. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: सोया प्रथिन, कॅल्शियम, लोह. सोया, कॅल्शियम, लोह आणि फायबर हे सगळे थायरॉइडची गोळी अंगात नीट शोषू देत नाहीत. कॅल्शियम आणि लोहाला तर चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. मी साडेपाचला गोळी आणि सव्वासहाला पावडर घेत होते, वर फायबरची गोळी. पाच महिने औषध जवळजवळ वाया गेलं. थायरॉइड कमी पडलं की थकवा येतो, केस जातात आणि वजन उतरत नाही. म्हणजे ज्या पावडरसाठी मी भात सोडला होता, तीच माझं वजन अडवायला हातभार लावत होती. नोंदणीच्या फॉर्मवर मी थायरॉइड असं स्पष्ट लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचून सांगितलं होतं, “ती गोळी हळूहळू सुटेलच.” नशिबाने मी ती सोडली नाही.

कॅप्सूलची पिशवी बघून डॉक्टर गंभीर झाले. वजन घटवणाऱ्या ‘नैसर्गिक’ औषधांत सिब्युट्रामीन नावाचं औषध गुपचूप मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. हृदयाला धोका आहे म्हणून भारतात त्यावर २०११ सालीच बंदी आली. तोंडाला कोरड, धडधड आणि झोप उडणं या त्याच्याच तक्रारी असतात. माझ्या पिशवीत तेच होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही, ते मी दोन महिने गिळलं, हे खरं आहे.

मग पहिल्या पंधरा दिवसांतलं चार किलो कुठून उतरलं? ते कोडं माझ्या जाऊबाईने सोडवलं. ती म्हणाली, “ताई, पहिलं वजन तुम्ही हळदीकुंकवाला केलेलं ना? काठपदराच्या साडीत, संध्याकाळी, दोन घरी खाऊन?” पुढची सगळी वजनं पहाटे सहाला, अनशेपोटी, सुती ड्रेसमध्ये झाली होती. आम्ही घरच्या काट्यावर करून बघितलं. एकाच दिवशी, सकाळी गाउनमध्ये आणि संध्याकाळी तीच साडी नेसून, जेवून. १ किलो ८०० ग्रॅमचा फरक. म्हणजे क्लबात पाय ठेवण्याआधीच मी पावणेदोन किलो ‘उतरवलेलं’ होतं. उरलेल्यात बरंचसं पाणी. भात-पोळी एकदम बंद केली की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरलं जातं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. पुन्हा जेवायला लागलं की ते परत येतं.

डॉक्टरांनी कागदावर एक हिशेबही मांडून दिला. तो कागद मी जपून ठेवला आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चार किलो म्हणजे ३०,८००. पंधरा दिवसांनी भागलं तर रोजची तूट दोन हजारांच्या वर. माझ्यासारख्या बैठ्या कामाच्या बाईला दिवसाला लागतात सतराशे-अठराशे. पंधरा दिवस पाण्यावर राहिले असते तरी तेवढी चरबी गेली नसती. ‘पंधरा दिवसांत पाच किलो’ असं कुणी सांगितलं की हा हिशेब करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित म्हटलं आहे आणि दिवसाला हजार कॅलरींच्या खाली जाऊ नका असं सांगितलं आहे. माझं सगळं मिळून आठशेच्या आसपास भरत होतं. त्या पाच महिन्यांत जे काही खरं वजन उतरलं, ते माझ्या उपासमारीने उतरलं, पावडरने नाही. उतरलं तेव्हा श्रेय डब्याला मिळालं आणि अडकलं तेव्हा दोष मला. या धंद्याची सगळी मांडणी अशी आहे. आवडीचं खाणं सोडायला लावतात ते वजनासाठी लावतातच, पण त्याचा दुसरा उपयोग असा की माणूस कधी ना कधी एक घास खातो. तो घास त्यांना हवा असतो.

कारण मी पैसे परत मागितले तेव्हा मॅडमनी माझाच पिठीभाताचा मेसेज मला पाठवला. “तुम्ही स्वतः कबूल केलंय नियम मोडल्याचं. गॅरंटी नियम पाळणाऱ्यांना असते.” त्या रात्री मी खूप रडले. सासूबाईंनी मायेने दिलेला वाडगा त्यांनी पुरावा म्हणून वापरला होता.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, म्हणाला, आता गप्प बसायचं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. बिल नव्हतं, पण फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद बँकेच्या उताऱ्यात होती आणि ग्रुपवरचे मेसेज मी पुसले नव्हते. भिंतीवरच्या गॅरंटीचा फोटो माझ्या सत्काराच्या फोटोत मागे आपोआप आला होता. दीड महिन्याने माझे न उघडलेले डबे परत घेऊन ९,६०० रुपये मिळाले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. कॅप्सूलची उरलेली पिशवी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. हे करताना कळलं की लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ सालच्या कायद्यानेच मनाई आहे.

तुमच्या हातात असं काही आलं तर पाकीट उलटं करा. खाण्याच्या पाकीटबंद वस्तूवर अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआयचा) चौदा आकडी परवाना क्रमांक असायलाच हवा. कुठलीही गोळी सुरू असेल तर डबा आधी डॉक्टरांना दाखवा, फॉर्मवर लिहून भागत नाही. पैसे व्यक्तीच्या नंबरवर मागितले तर देऊ नका. आणि पहिलं वजन घरच्या काट्यावर, सकाळी, स्वतः करून वहीत लिहून ठेवा. मी एवढं एक केलं असतं तरी पंधराव्या दिवशी शहाणी झाले असते.

आता मी दुपारी एक वाटी भात मोजून खाते, संध्याकाळी नदीपर्यंत चालत जाते. टीएसएच ताळ्यावर आला आहे. जाऊबाईचे १३ हजार ३०० मी माझ्या पगारातून दोन हप्त्यांत दिले. ती घेत नव्हती. मी तिच्या डब्यात ठेवून आले.

परवा ऑफिसातली एक नवीन मुलगी माझ्या टेबलाशी आली. हातात तशीच यादी: भात बंद, केळं बंद, नारळ बंद. पुढच्या वर्षी लग्न आहे म्हणाली. मी तिला साडीतलं आणि गाउनमधलं वजन लिहिलेला कागद दाखवला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, “पण ताई, नोंदणीचे पाचशे भरलेत मी कालच.”

मी म्हटलं, “पाचशेच गेलेत ना? मग उद्या पहाटे जाऊ नकोस.”