फुकटचा सॅम्पलर की स्वस्तातली पूर्ण गोष्ट?

ज्याने सुपरहिरो कॉमिक्स कधी हातातच घेतले नाहीत त्याला आधी काय द्यायचं? आमच्या इंदूरच्या घरी दोन्ही करून झालंय. सॅम्पलर म्हणजे पाच-सहा येणाऱ्या सीरिजची चार-चार पानं, हाणामारी जरा रंगात आली की "पुढचं अमुक महिन्यात", म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन नुसता वास द्यायचा आणि प्लेट काढून घ्यायची! भाचा पोहे खाता खाता पानं उलटत होता, मधेच विचारतो, मावशी हा लाल हेल्मेटवाला कोण, आणि सगळे त्याला "तू तर मेला होतास" का म्हणतायत? आता १९८८ मध्ये मारलेला बॅटमनचा साथीदार रॉबिन २००५ मध्ये रेड हूड होऊन परतला हे पोहे संपायच्या आत कसं सांगू. जुन्या फॅनला चालतं हो, त्याला सगळे ओळखीचे.

अमेरिकेत २००२ मध्ये फ्री कॉमिक बुक डे, म्हणजे दुकानांत फुकट अंक वाटायचा दिवस, सुरू झाला, त्यातले पण मला पूर्ण छोटी गोष्ट देणारे अंकच बरे वाटतात. आणि बॅटमनवाल्या डीसी कंपनीने २०२४ मध्ये कॉम्पॅक्ट कॉमिक्स काढले, साइज लहान, ९.९९ डॉलर, आत अख्खी गोष्ट. फुकट नाहीये, पण भाच्याने तसलं एक रात्री पांघरुणात टॉर्च लावून संपवलं आणि सकाळी दुसरं मागितलं.