मुळगावच्या रस्त्यावरचे उकडे तांदूळ आणि अळसाणे: घ्याच

गोव्यात म्हापशाहून डिचोलीला जाताना अस्नोडा मागं पडलं की मुळगावच्या बाजूला रस्त्याला लागून एक छोटा मांडव आहे, बोर्ड वगैरे काही नाही, गावच्या बायका आपल्याच शेतातलं विकायला बसतात. उकडे तांदूळ, अळसाणे (चवळीसारखं कडधान्य), कोकमाची सोलं, पावसात भेंडे-काकड्या. आमच्या घरी आता तांदूळ इथलाच येतो म्हणून लिहितेय.

तांदूळ जाड, लालसर, गिरणीत जास्त न घासलेला. शिजायला वेळ घेतो, रात्री भिजत घाला. पेज मात्र अशी होते की बाजूला भाजलेला सुका बांगडा असला की बास, पॉलिश केलेल्या उकड्याला तो वासच नाही. अळसाणे बारीक, पण टोणाक, म्हणजे वाटपातली आमटी, दाट होतं.

भाव मार्केटपेक्षा जास्त आहे. मला तो रास्त वाटतो, कारण ही शेतं टिकली कशी ते बघा ना. इथं आजूबाजूला लोहखनिजाच्या खाणी. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसतात, तिचे डंप म्हणजे ढीग डोंगरावर, आणि पावसात तो लाल गाळ ओहळातून थेट शेतात, वाळला की इतका घट्ट बसतो की भाताचं मूळ आत जात नाही. शिवाय पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, भूजलाच्या पातळीखाली गेला की रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसायचं, मग आजूबाजूच्या विहिरी आणि झरी आटणारच, शेजारच्या शिरगावला विचारा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाणींची ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केली. तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते थकले, घरं अडचणीत आली, ते दुःख खोटं नाही. पण शेतकऱ्याचं नुकसान त्याआधी कित्येक वर्षं चालूच होतं, त्याचा हिशोब कोणी ठेवला?

२०२२ च्या शेवटाला खाणींच्या ब्लॉकांचा लिलाव झाला आणि मुळगाव परत लीजमध्ये आलं. घरं, देवळं, शेतं लीजमधून वगळा, ही गावाची साधी मागणी आहे आणि लोक त्यासाठी रस्त्यावर उतरलेत. तिकडे दक्षिण गोव्यात, केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या लोकांनी तर खाण चालवायचीच असेल तर गावची सोसायटी चालवील म्हणून सोसायटीच काढली. मला ह्या माणसांचा फार अभिमान वाटतो, आणि त्यांच्या शेतातलं विकत घेणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता तक्रारी. पिशवी पातळ, गाडीत फाटते, घरची कापडी न्या. तांदळात खडे असतात, नीट निवडून घ्या. रेंज जाते म्हणून जीपेच्या भरवशावर जाऊ नका. पाचातले साडेचार.

दुपारनंतर गेलात तर अळसाणे संपलेले असतात. जास्त तांदूळ हवा असेल तर मावशींना आधी सांगून ठेवा, वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, मळून झालं की त्या बाजूला काढून ठेवतात.