फोरे यांच्या ‘रेक्विएम’ची दोन ध्वनिमुद्रणे: काही महिन्यांच्या श्रवणानंतर

फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्या ‘रेक्विएम’ची, म्हणजे मृतांसाठीच्या चर्चमधील प्रार्थनासंगीताची, दोन ध्वनिमुद्रणे गेले काही महिने मी आलटूनपालटून ऐकतो आहे. दोन्ही वेगवेगळ्या वाद्यवृंद-संचालकांची: एक आंद्रे क्लुइटांस यांनी १९६२ मध्ये पॅरिसच्या सँ-रोश चर्चमध्ये केलेले, आणि दुसरे फिलिप हेरेवेगे यांचे, १९८८ चे. दोन्ही सीडी स्वरूपात आहेत आणि दोन्ही मी शेल्फवरच्या मध्यम आकाराच्या स्पीकरवर, तसेच कानांवर पूर्ण बसणाऱ्या हेडफोनवर ऐकली आहेत.

क्लुइटांस यांच्या ध्वनिमुद्रणाची ख्याती मुख्यतः त्यातील दोन गायकांमुळे आहे, आणि ती सार्थ आहे. डीट्रिश फिशर-डिस्काऊ ‘रेक्विएम’मधला ‘लिबेरा मे’ हा भाग गातात तेव्हा प्रत्येक शब्दाला वजन येते, तरी स्वर कुठे दाबलेला वाटत नाही; व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस यांचे ‘पिए येझू’ मात्र मला थोडे अधिक भरदार वाटते, कारण पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये १८८८ साली ही रचना प्रथम सादर झाली तेव्हा तो भाग एका मुलाने गायला होता आणि स्वररेषेची घडणही तशाच निष्कंप आवाजाला साजेशी आहे. वाद्यवृंद आहे पॅरिस कॉन्झर्व्हेटरीच्या (संगीत विद्यालयाच्या) मैफल-सोसायटीचा, म्हणजे १८२८ पासून चालत आलेला आणि १९६७ मध्ये विसर्जित झालेला. त्या काळच्या फ्रेंच वाद्यवृंदांची पातळ, किंचित नाकातून आल्यासारखी सुषिर वाद्ये आज सहसा ऐकायला मिळत नाहीत, आणि केवळ त्यासाठीही ही सीडी संग्रही असावी असे माझे मत आहे. उणीव आहे ती समूहगानात. वरच्या पट्टीत स्त्रियांच्या आवाजांना कंप सुटतो, आणि चर्चच्या घुमाऱ्यात तो कंप विरण्याऐवजी पसरतो. सुरुवातीला याकडे दुर्लक्ष करता येते. पुनःपुन्हा ऐकताना मात्र कान नेमका तिथेच अडतो.

हेरेवेगे यांच्या ध्वनिमुद्रणाचा फरक केवळ गायनाचा नाही, तर संहितेचा आहे. क्लुइटांस १९०० सालची, मोठ्या वाद्यवृंदासाठी सिद्ध झालेली आवृत्ती वाजवतात. हेरेवेगे १८९३ ची, चर्चमधील वापराला जवळची आवृत्ती घेतात. या छोट्या आवृत्तीत व्हायोलिनचा ताफाच नाही: ‘सांक्टुस’मध्ये एकच व्हायोलिन वर तरंगते, आणि बाकी सारा भार व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य), चेलो व ऑर्गन (चर्चमधले नळ्यांचे मोठे वाद्य) यांवर असतो. त्यामुळे संगीताचा रंग मुळातच खर्जाकडे झुकलेला, सावळा असतो, आणि मोठ्या आवृत्तीत झाकली जाणारी व्हायोलांची विभागणी इथे स्पष्ट कळते. ‘आन्युस देई’च्या आरंभीची व्हायोलांची स्वररेषा मला या ध्वनिमुद्रणातच पहिल्यांदा गाण्याइतकी महत्त्वाची वाटली. गायकांची संख्या बेताची असल्याने लॅटिन शब्दही कळतात. रोजच्या ऐकण्यासाठी मी हेच ध्वनिमुद्रण निवडीन. एकल गायकांसाठी मात्र १९६२ कडे वळावे लागते. हेरेवेगे यांच्या सीडीवर फोरे आणि त्यांचे स्नेही आंद्रे मेसाजे यांनी १८८१ मध्ये नॉर्मंडीतील व्हिलेरव्हिल गावच्या मच्छीमारांसाठी मिळून लिहिलेली छोटी मिसा (चर्चच्या उपासनेतील गायनरचना) आहे. ती साधी आहे, पण फाजील गोड नाही.

घरी ऐकण्याबाबत एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘रेक्विएम’ सुरू होते ते वाद्यांच्या एका जोरकस स्वराने, आणि लगेच समूह अगदी हळू आवाजात गाऊ लागतो. त्या पहिल्या स्वरावरून आवाज ठरवला, तर पुढचे गायन छताच्या पंख्याच्या आवाजाखाली बुडते. तेव्हा गायन नीट कळेल एवढा आवाज आधीच वाढवून ठेवावा आणि पहिला स्वर थोडा जास्त वाटला तरी सोसावा. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे शक्य नसल्याने मी तेव्हा हेडफोनच वापरले.

या दोन्हींच्या जोडीला मी कामीय सँ-साँस यांची ऑर्गनसहित तिसरी सिंफनी ठेवली होती. त्यालाही कारण आहे: सँ-साँस हे फोरे यांचे शिक्षक, आणि दोघांनीही मादलेनमध्ये ऑर्गन वाजवला. चर्चचा आवाज सभागृहात कसा आणायचा, हा प्रश्न इथे थेट समोर येतो. शार्ल म्युन्श यांचे १९५९ चे बोस्टनचे ध्वनिमुद्रण सभागृहातील ऑर्गनवरच झाले. डॅनियल बॅरेनबॉइम यांच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंद शिकागोचा, तर ऑर्गन शार्त्र कॅथेड्रलमध्ये गास्ताँ लिटेझ यांनी वेगळा वाजवून नंतर जोडलेला आहे. शेवटच्या भागातील महास्वरासाठी दुसरे अधिक भव्य ठरते, यात शंका नाही. परंतु संथ भागात, जिथे ऑर्गन तंतुवाद्यांच्या खाली केवळ आधार म्हणून असतो, तिथे दोन वेगळ्या वास्तूंची हवा मला वेगवेगळी जाणवते, आणि एकदा जाणवल्यावर ती विसरता येत नाही. म्युन्श यांच्याकडे ऑर्गन आणि वाद्ये एकाच छताखाली श्वास घेतात. मात्र शेल्फवरच्या स्पीकरकडून फार अपेक्षा ठेवू नये: ऑर्गनच्या बत्तीस फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १६ हर्ट्झचा असतो, आणि तिथपर्यंत ते पोहोचतच नाहीत. चांगल्या हेडफोनवर निदान त्याच्या वरच्या स्वरांशांतून त्याचा अंदाज येतो. सबवूफर (खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) घेतला, तर आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे.